कॅन्टीनमधली ग्रेव्ही: एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

१९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर, कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायकांना नव्याने कामावर घेतलं गेलं. (पुढच्या बहुतेक लिखाणात हा विमानतळ हीथ्रो असल्याचं सांगितलं जातं.) त्यांच्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या. तक्रार करणारे दोन गट होते: त्यांच्यावर देखरेख करणारे सुपरवायझर आणि काउंटरवर जेवायला येणारे मालवाहतूक विभागाचे कामगार. दोघांचं म्हणणं एकच. या बायका तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत. बायकांचंही आपल्या बाजूने एक म्हणणं होतं. इथे आम्हाला परकं म्हणून वेगळं वागवतात, आमच्यावर विनाकारण खेकसतात.

भाषाभ्यासक जॉन गम्पर्झ यांनी हे प्रकरण तपासलं. नोकरीच्या जागी स्थलांतरित आणि स्थानिक यांच्यात होणाऱ्या गैरसमजांबद्दल बोलताना जगभर हे उदाहरण दिलं जातं. परदेशी टीमबरोबर काम करणाऱ्या आपल्याकडच्या लोकांसाठी जी प्रशिक्षणं होतात, तिथेही ते मी ऐकलं आहे. पण मी ऐकलं ते जवळजवळ प्रत्येक वेळी अर्धवट. ‘बघा, सूर चुकला की माणूस उद्धट वाटतो, म्हणून सूर सांभाळा’, एवढंच सांगून पुढची स्लाइड येते. या प्रकरणात झालेली महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली होती, म्हणून ते इथे पूर्ण मांडतो.

काउंटरवर काय होत होतं

गंमत म्हणजे या बायका आणि गिऱ्हाइकं यांच्यात बोलणं फारसं होतच नव्हतं. कामगार ताट घेऊन पुढे येणार, मांसाचा पदार्थ निवडणार, वाढणारी विचारणार की त्यावर ग्रेव्ही हवी का. आपल्याकडे ग्रेव्ही म्हणजे भाजीचा दाट रस्सा. ब्रिटिश जेवणातली ग्रेव्ही निराळी असते: मांस भाजताना सुटलेल्या रसापासून केलेला तपकिरी पातळ सॉस, वरून डावाने ओततात. कोणाला हवा असतो, कोणाला नको, म्हणून विचारावं लागतं.

त्याच काउंटरवर इंग्लिश बाई असली तर ती एकच शब्द म्हणायची, ‘ग्रेव्ही?’ शब्दाच्या शेवटी सूर वर जायचा. भारतीय किंवा पाकिस्तानी बाईसुद्धा तोच एक शब्द म्हणायची, पण सूर शेवटी खाली उतरायचा. ‘ग्रेव्ही.’ प्लीज दोघींच्याही बोलण्यात नाही, पूर्ण वाक्य दोघींचंही नाही. फरक फक्त शेवटच्या अक्षरावरच्या सुराचा.

इंग्लिश कानाला त्या उतरत्या सुराचा अर्थ लागायचा, ‘ही ग्रेव्ही आहे.’ समोर डाव दिसतोय, ग्रेव्ही दिसतेय, मग ही बाई मला हे का सांगतेय? घ्यायची तर घे, असंच तिला म्हणायचं असणार. दमून आलेला माणूस रांगेत उभा राहून हे रोज ऐकतो, तेव्हा त्याच्या मनात त्या बाईबद्दल जे मत तयार होतं त्यात सुराचा उल्लेखही नसतो. ‘कशी तोडून बोलते’, एवढंच उरतं. सुराचा फरक त्याच्या कानाने टिपलेला असतो, त्याला स्वतःला मात्र तो जाणवलेला नसतो. उलट दिशेनेही तेच. आपण नीट विचारलं आणि समोरच्याने तोंड वाकडं केलं, एवढंच त्या बाईला दिसतं. त्याचं कारण शोधायला तिच्याकडे एकच जागा उरते, आपल्या कातडीचा रंग.

मराठी माणसाला हे समजायला पंगत आठवली तरी पुरे. वाढपी हातात पातेलं घेऊन रांगेतून जाताना ‘मठ्ठा, मठ्ठा’, ‘जिलबी, जिलबी’ म्हणत जातो. सूर सपाट किंवा उतरता. तो आपल्याला मठ्ठ्याची ओळख करून देत नसतो, हवा का म्हणून विचारत असतो, आणि पानावर हात आडवा धरला की पुढे सरकतो. त्याला कोणी उद्धट म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. (ही तुलना माझी आहे, मूळ अभ्यासात नाही.) वाढण्याच्या प्रसंगी पदार्थाचं नाव घेणं हेच विचारणं असतं, हे आपल्याला प्रसंगावरून कळतं. प्रसंग ओळखायच्या या खुणा लहानपणापासून कानावर पडून पक्क्या होतात. शाळेत कोणी शिकवत नाही, त्यामुळे त्या वेगळ्या असू शकतात हे सुचतही नाही.

टेप दोघांनी ऐकली

गम्पर्झ यांनी काउंटरवरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. इंग्लिश बाईची ‘ग्रेव्ही’ आणि भारतीय बाईची ‘ग्रेव्ही’, दोन्ही त्या टेपवर होत्या. मग ती टेप कर्मचाऱ्यांना ऐकवली आणि प्रत्येक वेळी काय म्हणायचं होतं ते आपल्या शब्दांत सांगायला लावलं.

आधी भारतीय बायकांना त्यात फरक दिसलाच नाही. दोन्ही सारखंच तर आहे, असं त्यांचं म्हणणं. कामाच्या जागी या बायकांचा वर्ग घेणारी इंग्रजीची शिक्षिका आणि कॅन्टीनचे सुपरवायझर यांना मात्र फरक लगेच दाखवता आला: हा सूर उतरतो, म्हणून ते सांगितल्यासारखं वाटतं, विचारल्यासारखं वाटत नाही.

त्यानंतर जे झालं ते मला या सगळ्या नोंदीत सगळ्यात मोलाचं वाटतं. आजवर लोक आपल्याशी असे का वागत होते, याचा त्या बायकांना पहिल्यांदाच उलगडा झाला. आणि कोणी न विचारता त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली की इंग्लिश लोक अमुक बोलताना असा विचित्र सूर लावतात, ते आम्हालाही खटकायचं. म्हणजे कान त्यांचेही तितकेच तीक्ष्ण होते. त्यांना काय खटकतं हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या बाजूला सुपरवायझरना कळलं की या बायकांसाठी अशा प्रसंगी उतरत्या सुरात विचारणं हीच नेहमीची रीत आहे, त्यात उद्धटपणा नाही, बेफिकिरी नाही.

अशा काही बैठका झाल्यावर शिक्षिका आणि सुपरवायझर दोघांनीही सांगितलं की बायकांचा कामाकडे आणि गिऱ्हाइकांकडे बघण्याचा दृष्टिकोन चांगलाच बदलला आहे. गम्पर्झ यांनी त्याचं श्रेय सुराच्या सरावाला दिलं नाही. आम्ही त्यांना ‘योग्य’ इंग्रजी शिकवलेलं नाही, असंच त्यांनी स्पष्ट केलं. गैरसमज कुठे होतो ते स्वतः शोधायची एक पद्धत दोन्ही बाजूंच्या हाती दिली, आणि आपल्याला शिकता येतं हा बायकांचा विश्वास परत आला, असं त्यांचं निदान होतं.

स्लाइडवरून गळून पडतं ते हेच. बैठका मिश्र होत्या. ज्यांच्याबद्दल तक्रार होती त्या बायका आणि तक्रार करणारे सुपरवायझर, दोघं एका खोलीत बसून एकच टेप ऐकत होते. चर्चा कोणाच्या स्वभावावर झाली नाही, त्या एका शब्दावर झाली. एकट्या बायकांना बाजूला घेऊन ‘असं म्हणा’ सांगितलं असतं तर त्यांचा सूर कदाचित बदललाही असता, पण सुपरवायझरच्या मनातला ‘तुसड्या’ हा शिक्का जागच्या जागी राहिला असता. उद्या त्याच शिक्क्याखाली दुसरी काही खोड सापडली असती.

हे सगळं होऊ शकलं ते त्या काळी ब्रिटनमध्ये ‘इंडस्ट्रियल लँग्वेज ट्रेनिंग’ नावाची सरकारी पैशावर चालणारी चळवळच होती म्हणून. लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाजवळच्या साउथॉलमध्ये तिचं राष्ट्रीय केंद्र होतं. टॉम जप, सीलिया रॉबर्ट्स अशी मंडळी कारखान्यांत आणि कॅन्टीनमध्ये प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकवायची, आणि त्यांच्या वर्गात सुपरवायझरही विद्यार्थी असायचे. १९७९ मध्ये बीबीसीने गम्पर्झ यांच्या या कामावर ‘क्रॉसटॉक’ नावाचा कार्यक्रम केला आणि ग्रेव्हीचा किस्सा सर्वदूर गेला.

हा माणूस कुपवाडला येऊन गेला होता

गम्पर्झ यांच्याबद्दल मराठी वाचकाला सांगायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. १९२२ मध्ये जर्मनीतल्या हॅटिंगेन गावी ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाझी राजवटीमुळे देश सोडून ते अमेरिकेत पोचले, म्हणजे परक्या भाषेत नव्याने उभं राहणं त्यांनी स्वतः भोगलं होतं. शिकले रसायनशास्त्र, वळले भाषाशास्त्राकडे. १९५० च्या दशकात ते भारतात आले, उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात राहून काम केलं, आणि पुढे रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर त्यांनी सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास केला. आज सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत असलेलं तेच कुपवाड.

१९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा कुपवाडवरचा निबंध भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अजून वाचावा लागतो. गावात जैन शेतकरी घरी कानडी बोलत, मुसलमान उर्दू, दलित आणि भूमिहीन मजूर मराठी. गावातल्या सामाईक व्यवहाराला मराठी चालायची, कारण ती गावातल्या वरचढ गटांपैकी कोणाचीच घरची भाषा नव्हती. शतकानुशतकं शेजारी राहून, रोज एकमेकांशी बोलून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाला शब्द बदलत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार व्हायचं. शब्द आपापले राहिले, सांधे एक झाले.

हे आधी वाचलं की विमानतळाचं प्रकरण निराळं दिसतं. कुपवाडात माणसं शेतात, बाजारात, चावडीवर बोलत होती, भांडत होती, पुन्हा बोलत होती. कॅन्टीनच्या काउंटरवर दोघांच्या वाट्याला दिवसातून एक शब्द येत होता. एका शब्दाच्या ओळखीवर जवळीक कुठून येणार? ऑफिसात परदेशी सहकाऱ्याशी आपलं बोलणं आठवड्याच्या स्टेटस कॉलपुरतंच असेल तर आपणही त्या काउंटरवरच उभे आहोत.

लेले यांचा आक्षेप

या अभ्यासावरची सगळ्यात धारदार टीका ज्यांनी केली त्यांत एक मराठी नाव आहे. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात त्या वेळी राज्यशास्त्र शिकवणारे जयंत लेले. राजेंद्र सिंग आणि गीता मार्तोहार्द्जोनो यांच्याबरोबर १९८८ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. त्याचा रोख थोडक्यात असा: गैरसमजाचं सगळं कारण संस्कृतीच्या फरकात शोधलं की सत्तेचा प्रश्न बाजूला पडतो. दोन माणसं एकमेकांना समजत नाहीत हे खरं, पण न समजण्याची किंमत त्यातला एकच चुकवतो. आणि उपाय म्हणून शेवटी बदलायला सांगितलं जातं तेही त्यालाच.

मला हा आक्षेप पटतो. ग्रेव्हीचा किस्सा ऐकताना आपण सहज मान्य करतो की बायकांना ‘वाटत होतं’ भेदभाव होतोय, खरं कारण मात्र सूर होतं. पण तो काळ आठवा. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेले हजारो आशियाई ब्रिटनमध्ये आले होते. १९७६ पासून लंडनच्या ग्रनविक कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या पुढाकाराने साड्या नेसलेल्या कामगार बायकांचा संप दोन वर्षं चालला. २३ एप्रिल १९७९ रोजी साउथॉलमध्येच नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली, त्यात ब्लेअर पीच नावाचा शिक्षक मारला गेला. कॅन्टीनमधल्या बायका ज्या ब्रिटनमध्ये राहत होत्या, तिथली हवा ही होती. अशा वेळी खेकसणाऱ्या माणसाबद्दल त्यांनी जो अर्थ काढला तो चुकीचा होता असं मी तरी म्हणणार नाही. एखादा फ्रेंच माणूस तोच शब्द चुकीच्या सुरात म्हणाला असता तर ‘बिचाऱ्याला इंग्रजी येत नाही’ म्हणून सोडून दिलं असतं की तुसडा म्हटलं असतं? सुरामुळे शंकेला जागा मिळते. त्या जागेत चांगला अर्थ भरायचा की वाईट, हे ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काय आहे त्यावर ठरतं.

तरी लेले यांच्या बाजूने उभं राहून टेपची पद्धत टाकून द्यावी, असंही मला वाटत नाही. त्या मिश्र बैठकीत निदान सुपरवायझरला ऐकायला बसवलं होतं. ते बंद पडलं आणि नुसतं ‘सूर सुधारा’ राहिलं, तेव्हा लेले यांची भीती पुरती खरी ठरली.

त्याच विमानतळावरचा २००५ चा प्रसंगही इथे नोंदवतो. विमानातलं जेवण पुरवणाऱ्या गेट गोरमे कंपनीने ऑगस्टमध्ये सहाशेहून जास्त कामगारांना काढलं, त्यात बहुसंख्य साउथॉलच्या आशियाई बायका होत्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी ब्रिटिश एअरवेजच्या जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं आणि ब्रिटिश एअरवेजची हीथ्रोवरची उड्डाणं बंद पडली. दोघं एकाच युनियनमध्ये होते, कित्येकांचे नातेसंबंधही होते. तिथे एकमेकांचं म्हणणं समजायला कोणाला टेप लागली नाही.

काउंटरऐवजी दवाखाना

कॅन्टीनमधल्या बायकांना निदान नोकरीवर घेतल्यानंतर पारखलं गेलं. शिकलेल्या स्थलांतरितांना आत शिरतानाच या पारखीतून जावं लागतं. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टर व्हायचं तर रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात अनेक वर्षं एक भाग असा होता: दहा-दहा मिनिटांच्या तेरा भेटी, समोर रुग्णाची भूमिका करणारे नट, बाजूला परीक्षक. रोगाचं ज्ञान तपासणारी लेखी परीक्षा वेगळी. इथे रुग्णाकडून माहिती काढणं, उपचार ठरवणं आणि त्याच्याशी बोलणं तपासलं जायचं.

२०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनीझ इस्माईल आणि क्रिस रॉबर्ट्स यांनी ५,०९५ उमेदवारांच्या निकालांचं विश्लेषण छापलं. वय, लिंग आणि लेखी परीक्षेतले गुण यांचा हिशेब धरूनही, परदेशात शिकलेल्या गोरेतर डॉक्टरांचे पहिल्या प्रयत्नात नापास होण्याचे ऑड्स (म्हणजे नापास होणारे आणि पास होणारे यांचं गुणोत्तर) ब्रिटनमध्ये शिकलेल्या गोऱ्या डॉक्टरांच्या १४ पटींहून जास्त निघाले. एवढ्यावर थांबलं तर कोणी म्हणेल, भाषेचा फरक असणारच. पण त्याच अभ्यासात ब्रिटनमध्येच शिकलेल्या गोरेतर डॉक्टरांचे ऑड्सही साडेतीन पट होते. त्यांतल्या कितीकांचा जन्म आणि शाळाही तिथलीच असणार. त्यांच्या इंग्रजीला काय दोष लावायचा?

भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना ‘बापिओ’ न्यायालयात गेली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायमूर्ती मिटिंग यांनी परीक्षा कायदेशीर ठरवली आणि दावा फेटाळला. मात्र फरक दिसत असूनही कॉलेजने पुढे काही केलं नाही तर नंतरच्या दाव्यात ते कर्तव्यात चुकल्याचं ठरू शकेल, अशी समजही दिली. त्याच वर्षी, कधीकाळी कॅन्टीन-कारखान्यांत शिकवणाऱ्या सीलिया रॉबर्ट्स यांनी सहकाऱ्यांबरोबर या परीक्षेच्या चित्रफितींचा भाषिक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही उमेदवारांची अडचण व्याकरणापेक्षा बोलण्याच्या शैलीतल्या बारीक फरकांत दिसत होती. ग्रेव्हीच्या सुरासारखेच फरक, पण इथे त्यावर करिअर ठरत होतं.

आपल्या ऑफिसात

पुण्याच्या इंजिनिअरने लंडनच्या सहकाऱ्याला लिहिलेला साधा मेसेज घ्या: ‘चेक धिस अँड रिव्हर्ट बाय इव्हनिंग.’ मनात वाक्य होतं, ‘जरा बघून संध्याकाळपर्यंत कळवा ना.’ मराठीत आदर ‘कळवा’च्या रूपात आहे, विनंती ‘जरा’त आणि ‘ना’त आहे. इंग्रजीत जाताना तिन्ही गळतात आणि हुकूम उरतो. उलट लंडनहून येतं, ‘यू माइट वाँट टू हॅव अ लुक अ‍ॅट धिस.’ इंजिनिअरला वाटतं, वेळ मिळाला तर बघावं. त्याला सांगितलेलं असतं की आजच दुरुस्त कर. दोन दिवसांनी लंडनमध्ये मत तयार होतं की पुण्याची माणसं गंभीर नाहीत, आणि पुण्यात मत तयार होतं की तिकडची माणसं एक बोलतात आणि मनात एक ठेवतात.

वर्षअखेरीला यातल्या एकाच्याच अप्रेझलमध्ये ‘कम्युनिकेशन सुधारायला हवं’ असा शेरा येतो. तो वाचून त्याने नेमकं काय सुधारायचं? बायकांना ‘तुसड्या’ या शब्दातून जेवढं कळलं असतं, तेवढंच त्याला कळतं.

कॅन्टीनमधली पद्धत इथे जशीच्या तशी वापरता येते. मीटिंगा आता रेकॉर्ड होतातच, मेसेजही जपलेले असतात. ज्या बोलण्यावरून बिनसलं तो तुकडा काढावा, लंडनच्या आणि पुण्याच्या दोघांनी ऐकावा, त्यातून आपल्याला काय कळलं ते प्रत्येकाने आधी स्वतंत्र लिहावं आणि मग समोरासमोर वाचावं. लंडनच्या मॅनेजरनेही लिहावं, आणि पुण्याच्या माणसाला त्याचं काय खटकतं तेही विचारावं. ज्याला अप्रेझलमध्ये शेरा द्यायचा आहे त्याने वाक्य कोणतं, कोणत्या दिवशीचं आणि आपण त्याचा काय अर्थ घेतला, एवढं तिथेच लिहावं. एवढं लिहिता येत नसेल तर तो शेरा काढून टाकावा.